वरची चाल माझी आहे

तेर,
बुधवार दुपार

प्रिय वैदेही,

वर 'प्रिय' लिहिलंय ते सवयीनं नाही, दोनदा विचार करून लिहिलंय. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात ठेव, कारण मी तुझ्यावर भयंकर चिडलेय.

गेल्या महिन्यात तू अंबादास सरांना केलेला फोन मला कळला. कसा कळला ते पुढं येईलच. आधी हे ऐक, की मी रडले नाही, जेवण सोडलं नाही आणि अर्जही मागं घेतलेला नाही. आपल्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवायची जागा निघाली, मी अर्ज केला, बाकी तिघांना नमुना पाठ घ्यायला बोलावलं आणि मला बोलावलं नाही. का बोलावलं नाही, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती जागा मला हवी आहे. बी.एड. मी भिंतीला टांगायला केलेलं नाही. आणि हे सगळं फोनवर का नाही बोललीस, असं विचारू नकोस. फोनवर मी नुसतं 'म' म्हटलं की तू 'मला माहितीये गं' म्हणतेस, आणि तुला काय माहिती असतं ते तुझं तुलाच ठाऊक. कागदावर मी कुठं अडकत नाही आणि तुला मध्ये घुसता येत नाही. म्हणून चार पानं घेऊन बसलेय. शिकवणीची पोरं पाचला येतील, तोवर मला मोकळीक आहे.

आता मी तुला आपल्या खेळाचे नियम सांगणार आहे. हस हवं तर. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ना, तसं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तू पुण्याच्या मावसबहिणीकडून तो खेळ घेऊन आलीस. सोबत झेरॉक्स काढलेलं एक जाडं इंग्रजी पुस्तक, आणि आईच्या कुंकवाच्या करंड्यात घातलेले सात निरनिराळे फासे, त्यातला एक वीस तोंडांचा. आम्हाला वाटलं काहीतरी देवाधर्माचं आहे. उत्कर्षनं तर फाशांना हातच लावला नव्हता. मग तू समजावलंस, की ह्यात पट नावालाच, सगळा खेळ तोंडाचा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, आणि सूत्रधार जे संकट पुढ्यात आणील त्यातून वाट काढायची. सूत्रधार अर्थात तू. उत्कर्षनं तलवारवाला दगडू घेतला, जाईनं चोरटी साळुंकी घेतली. मी घेतली नूरबानू हकीम, जी एका शब्दाच्या दुव्यानं मरणाऱ्याला उठवते. तू माझ्याकडं बघत राहिलीस. तू नुकताच नियम केला होतास, की पात्राला जे मोठ्यानं म्हणायचंय ते खेळणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. तू हळूच म्हणालीस, अने, दुसरं काहीतरी घे ना, धनुष्य छान आहे. आठवतं? मी धनुष्य घेतलं नाही.

तर नियम. लढाई जुंपली की प्रत्येकाची पाळी क्रमानं येते. आपल्या पाळीत चालायचं, एक मोठी चाल करायची, म्हणजे वार किंवा मंत्र किंवा दार फोडणं, आणि ज्याच्या पात्राला तसा गुण असेल त्याला आणखी एक छोटी चाल मिळते. पुस्तकात तिचं इंग्रजी नाव होतं, आपण तिला वरची चाल म्हणायला लागलो. ही वरची चाल मोठ्या चालीच्या आधी करा, नंतर करा, चालता चालता मध्येच करा, कुठंही करा, ज्याची त्याची मर्जी. फक्त स्वतःच्या पाळीत करायची. पाळी सरली की ती गेली, साठवून ठेवता येत नाही आणि दुसऱ्याला देता येत नाही. शिवाय एक उलटी चाल असते, ती मात्र दुसऱ्याच्या पाळीत करता येते, पण कधी? तर समोरच्यानं तुमच्यावर काही केलं तर. कुणी वार केला तर ढाल पुढं करा. कुणी काहीच केलेलं नसताना उलटी चाल करता येत नाही. हे शेवटचं वाक्य तूच मला तीनदा समजावलं होतंस.

माझं सगळं बळ त्या वरच्या चालीत होतं, आणि ती म्हणायला मला तोंड उघडावं लागायचं. उत्कर्षच्या वडिलांच्या खत-बियाण्यांच्या दुकानामागचं गोदाम, रविवारची दुपार, युरियाच्या पोत्यांवर आडवी टाकलेली फळी, आणि माझी पाळी. उत्कर्ष एकेका वाराला पाव तास विचार करायचा म्हणून तू दहा आकडे मोजायची पद्धत काढली होतीस. दहा म्हटलं की पुढं. उत्कर्ष काही सुधारला नाही, मी मात्र दर वेळी मोजले गेले. 'उठ' एवढा एक शब्द. दुवा म्हणजे काही लांबलचक मंत्र नव्हता. तोंड उघडायचं, शब्द टाळूला चिकटायचा, आणि तू आठ, नऊ, दहा. चौथ्या की पाचव्या रविवारी मी फासे तुझ्या पुढ्यात सरकवून घरी निघाले. तू मागून पळत आलीस, दुकानासमोरच्या चिंचेखालून चार चिंचोके उचललेस, मला हाताला धरून परत नेलंस, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक चिंचोका देऊन सांगितलंस, की ज्याला बोलायचंय पण वेळ हवाय त्यानं हा फळीवर ठेवायचा. तो फळीवर आहे तोवर मोजणी बंद, आणि कुणीही 'पुढं' म्हणायचं नाही, सूत्रधारानंही नाही. पुस्तकात असलं काही नव्हतं. तू ते वहीत लिहिलंस आणि खाली सही केलीस.

वैदेही, त्या दिवशी मला तुझ्याबद्दल जे वाटलं ते मी कधी तुला सांगितलं नाही. आज सांगते, कारण आज सांगितलं तर तुला ते झोंबेल. माझ्यासाठी वाट बघणारी माणसं मला भेटली होती. अब्बा बघतात, दादी बघते. पण वाट बघणं हा सगळ्यांचा नियम करून टाकणारी तू एकटी होतीस. तो चिंचोका जाईनंही वापरला, उत्कर्षनं तर इतका वापरला की त्याचा रंग गेला. मी कुणी बिचारी राहिले नाही, आपण चौघंही सारखेच सुस्त झालो.

आणि नावाड्याचा किस्सा तर तू विसरली नसशील. खेळाच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. भुयारात लढाई, जाईची साळुंकी पडलेली, तिच्या शेजारी शत्रूकडचा तो म्हातारा नावाडी पडलेला. माझी पाळी. मी चिंचोका ठेवला. उत्कर्षला माझी दया आली आणि तो माझ्या वतीनं ओरडला, "उठ, साळुंके! झालं, हिची वरची चाल झाली." तुम्ही सगळे खूश. जाई तर माझ्या गळ्यात पडली. मला साळुंकीला उठवायचंच नव्हतं गं. तिच्यात अजून दोन फेऱ्यांचा जीव होता. मला त्या नावाड्याला उठवायचं होतं, कारण भुयारातून नदीवर निघायची वाट त्या एकट्याला ठाऊक होती. तो मेला, आणि आपण चार रविवार त्या भुयारात भिंती चाचपत बसलो. मी सांगितल्यावर उत्कर्षनं स्वतःच्या कानाला हात लावला. म्हणाला, "म्या तुझ्या भल्यासाठी बोललो, आन् वाटुळं झालं बघ." मग तू वहीत दुसरं कलम लिहिलंस. दुसऱ्याच्या चिंचोक्यावर कुणी बोलायचं नाही, त्याला काय म्हणायचंय हे कितीही स्पष्ट दिसत असलं तरी. 'कितीही स्पष्ट'खाली दोन रेघा तूच ओढल्यास. वही इथं माझ्यापुढं आहे, म्हणून सांगते.

मग तू पुण्याला गेलीस. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, नोकरी मिळाली, जायलाच हवं. रविवारी तू फोनच्या पडद्यावर यायला लागलीस, उत्कर्ष फोन बियाण्याच्या डब्याला टेकवून ठेवायचा, आणि खेळ चालत राहिला. पण तुझं बोलणं भराभर व्हायला लागलं. तिकडच्या तुझ्या नव्या मंडळींचा खेळ कसा सपासप चालतो, हे तू दर वेळी सांगायचीस. मग तू ते ॲप आणलंस, ज्यात पाळी आपोआप पुढं सरकते. आणि गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी दगडू भिंतीखाली सापडला. माझी पाळी आली. मोठी चाल मी दगड ढकलण्यात घातली, आणि वरच्या चालीसाठी चिंचोका ठेवला. तो फोनच्या कॅमेऱ्यात येत नव्हता. तुझ्या पडद्यावर पाळी सरकली. तू म्हणालीस, "अगं, गेली तुझी पाळी. ॲपच पुढं गेलं, मी तरी काय करू?" उत्कर्ष भडकला, "चिंचोका हाय की फळीवर! दिसंना व्हय तुला?" त्यावर तू काय म्हणालीस ते मी शब्दाला शब्द लिहिते. "इकडं असं नाही चालत रे. नियम सगळ्यांना सारखा." दगडू मेला. सहा वर्षांचा दगडू. उत्कर्षनं फळी पुसली आणि दुकानाचं शटर ओढलं. माझा शब्द त्यानंतर आला, शटर अर्धं खाली आल्यावर. मी 'उठ' म्हणाले आणि उत्कर्ष म्हणाला, "ऱ्हाऊ दे अने, बसलाय तो आता वरती."

ह्याचा मला राग आला होता, पण तो खेळाचा राग होता, आठवड्यात गेला असता. तो जायच्या आत तू सरांना फोन केलास. म्हणजे बघ, फळीवर तू माझ्यासाठी थांबली नाहीस, आणि शाळेत माझ्या आधी बोलून मोकळी झालीस. दोन्हीकडं पाळी माझी होती.

कळलं कसं, ते सांगते. बाकी तिघांचे पाठ झाल्याचं कानावर आलं, तेव्हा मी सरळ शाळेत गेले. अंबादास सर आता मुख्याध्यापक आहेत, केस सगळे पांढरे झालेत, पण माणूस तसाच गोड आहे. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी तोंड उघडायच्या आत सगळं सांगून टाकलं. म्हणाले, "अगं, वैदेहीचा फोन आलता. ती म्हणली, सर, अनिसाला वर्गात उभं करू नका. पोरं हसतील, तिला सहन व्हायचं न्हाय. हापिसात घ्या, कागदाचं काम तिच्यावानी कुणी करत न्हाय. एवढी जिवाभावाची मैत्रीण सांगती म्हणल्यावर म्या ऐकलं बघ." आणि वर मला विचारतात, हापिसात कधीपासून येतीस. मला सहन होणार नाही, हे तू पुण्यात बसून ठरवलंस. ह्यालाच आपल्याकडं उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. मी तुझ्यावर कुठला वार केला होता गं, की तू उलटी चाल केलीस?

त्या खुर्चीवर बसून मला एकच गोष्ट म्हणायची होती, की मला पाठ घेऊ द्या. आणि नेमकी 'प'ला अडले. नुसता 'प' चालला होता. सर म्हणाले, "पानी? पानी पायजे?" शिपायाला हाक मारली. पाणी आलं. मी मान हलवली. "पगाराचं म्हणतीस का?" नाही. "पुण्याला जायचंय?" नाही हो, सर. मला एकीकडं हसू येत होतं आणि एकीकडं डोळे भरून येत होते. मग मी काय केलं, सरांच्या टेबलावर तळहात पालथा ठेवला आणि तिथंच दाबून धरला. का कोण जाणे, ते थांबले. सुट्टीची घंटा झाली, व्हरांड्यातून पोरं बोंबलत गेली, पुन्हा शांत झालं, तरी ते माझ्याकडं बघत बसले. आणि मग आलं. पाठ. मला पाठ घ्यायचाय, सर. सातवी ब. पूर्णांक संख्या. सगळं वाक्य पुरं आलं. सर चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "सातवी ब लई वांड हाय, बाई. दुसरा वर्ग घे की." मी म्हटलं, मला तोच हवाय.

घरी येऊन सांगितलं तर अब्बा म्हणाले, "बेटा, तिनं वाईट मनानं केलं न्हाय." मला ते ठाऊक नाही का? वाईट मनानं केलं असतंस तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते, चार पानं कशाला खर्ची घातली असती? फरिदाबी दादीनं मात्र माझी बाजू घेतली. सुपारी कातरता कातरता म्हणाली, "जबान अटकती, अकल तो नै अटकती ना! उस छोरी को बोलो, अपना काम देख." तुला ती छोरी म्हणाली, म्हणजे जीव आहे अजून तुझ्यावर. नाहीतर तिनं तुझा विषयच काढला नसता.

पोरं हसतील, असं तू म्हणालीस. माझ्याकडं शिकवणीला अकरा पोरं येतात, त्यातली चार सातवी ब ची. पहिल्या आठवड्यात हसली. एकानं माझी नक्कलही केली, आणि बरी केली. मी त्याला म्हटलं, चुकलास, मी 'ब'ला एवढी नाही अडत, 'प'ला अडते, परत कर. त्यानं परत केली नाही. मग हळूहळू एक गंमत झाली. मी गणित मांडते, 'बरोबर' म्हणायला जाते आणि अडकते. त्या वेळात पोरं फळ्याकडं बघत बसतात. बघता बघता उत्तर काढतात. परवा जळकोटहून मामाकडं आलेली एक मुलगी मला म्हणाली, "बाई, तुमी अडल्या की आमाला इचार कराया टाइम गावतो. आमच्या शाळंतले सर लई भरभर सांगत्यात, डोस्क्यात काय शिरतच न्हाय." हे कुठल्या बी.एड.च्या पुस्तकात नाही. तरी तिन्हीत्रिकाळ खरं आहे, आणि हे तुला कळलं नाही, कारण तू कधी माझा वर्ग बघितलाच नाहीस. तू मला फक्त अडताना बघितलंस आणि तिथंच बघणं थांबवलंस.

आणि आता ती गोष्ट, जी मी बारा वर्षं पोटात ठेवली. नववीतला पंधरा ऑगस्ट. माझं दोन मिनिटांचं भाषण. ते मी दीड महिना पाठ केलं होतं, शेतात, न्हाणीत, तेरणेच्या काठावर. सबंध भाषणात मी तीनदा अडले आणि तीनदा सुटले. सगळं मैदान गप्प बसून ऐकत होतं. मी शेवटच्या वाक्यावर आले. एवढे बोलून मी माझे दोन शब्द, आणि तिथं अडले. तू रांगेतून पळत आलीस, स्टेजवर चढलीस, माझा हात धरलास आणि माइकमध्ये म्हणालीस, "संपवते." टाळ्यांचा नुसता कडकडाट. सरपंचांनी तुझी पाठ थोपटली. अंबादास सरांनी दुसऱ्या दिवशी परिपाठाला खऱ्या मैत्रीवर पाच मिनिटं सांगितलं. तू अजूनही ती गोष्ट लोकांना सांगतेस, मी शेजारी उभी असताना सांगतेस, आणि मी हसते. एक शब्द राहिला होता, वैदेही. दीड महिन्यातला एक. तो माझ्या दातांपर्यंत आला होता. त्या भाषणाचं बक्षीस मिळालं नाही ह्याचं मला काही नाही. पण ते भाषण मी पुरं केलं, असं मला आजही म्हणता येत नाही.

तू दुष्ट नाहीस. तू घाबरट आहेस. मी अडले की मला काही होत नाही, सवय आहे मला, श्वास घेते आणि उभी राहते. जीव तुझा जातो. ती शांतता तुला सोसवत नाही आणि तू ती माझ्या नावावर खपवतेस. चिंचोक्याचा नियम केलास तेव्हा तू वीस वर्षांची होतीस आणि आजच्यापेक्षा शूर होतीस, असं मला वाटतं. पुण्यात सगळे भराभर बोलतात म्हणून तू बदललीस की मी अर्ज केल्यावर घाबरलीस, ते तुझं तू बघ.

मधल्या काळात मी काय केलं तेही सांगते. गेल्या रविवारी तुला कुणी फोन लावला नाही, नेट नव्हतं असं जाईनं कळवलं असेल. ते खोटं आहे. नेट होतं. सूत्रधार मी होते. उत्कर्षच्या आग्रहानं दगडूची भिंतीखालची पाळी पुन्हा मांडली, माझा चिंचोका होता तिथं ठेवला, आणि नूरबानूनं दुवा म्हटला. किती वेळ लागला ते कुणी मोजलं नाही. दगडू उठला. उत्कर्षनं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या हॉटेलातून दोन माणसं बघायला आली. ॲपमधला दगडू मेलेलाच आहे, तो तुझ्याकडं ठेव. त्यानंतर चार तास मी खेळ चालवला. सहा दरोडेखोर, एक वाघीण, एक बेइमान कोतवाल, सगळ्यांच्या पाळ्या मी बोलले. कोतवाल तर अडखळतच बोलायचा, आणि भलता धूर्त निघाला. जाई म्हणाली, इतकी भीती तिला आजवर कुठल्या कोतवालाची वाटली नव्हती. घसा बसला, पण एकाही पात्राची एकही चाल मी गिळली नाही, वरचीसुद्धा नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. माफीसाठी नाही, ती तू लगेच मागशील आणि मागता मागता रडशील, ते आत्ता नको. पाठ सोमवारी साडेदहाला आहे. मी हापिसातून निघाले तेव्हा सर दारापर्यंत आले आणि म्हणाले, "वैदेहीला बी बोलावतो त्या दिवशी. ती वर्गात बसंल. तुझं लईच अडलं तर ती सांभाळून घील." आणि तू हो म्हणालीस, रजा टाकलीस, शनिवारच्या गाडीनं येतेस, हे कालच तुझ्या घरी काकूंनी सांगितलं. सांभाळून घ्यायला येतेस. सरांना मी सांगू शकले असते की तिला बोलावू नका. सांगितलं नाही. उत्कर्ष उद्या बियाण्यांच्या कामाला पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पाठवते, म्हणजे गाडीत बसायच्या आत तुझ्या हातात पडेल. तू ये. शेवटच्या बाकावर बस, आणि पाठ बघून सरांना माझ्याविरुद्ध लिहून द्यावंसं वाटलं तर तेही खुशाल दे. मी अडणार आहे, वैदेही. पहिल्या पाच मिनिटांत, 'पूर्णांक' ह्या शब्दावर, चाळीस पोरांदेखत, नक्की अडणार आहे. मी अडले की तुझे ओठ हलायला लागतात. तुला कुणी कधी सांगितलं नसेल, पण मला ते कितीही लांबून दिसतं. सोमवारी ते मिटून ठेव. कारण मी तेव्हा फळ्याकडं बघणार नाही, पोरांकडं बघणार नाही. तुझ्याकडं बघत तो शब्द पुरा करणार आहे.

चिडलेली, आणि तरीही तुझीच,
अनिसा